एपिसोडवरून कॉमिक काढताना काय उचलायचं आणि काय सोडायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ॲनिमेशन स्टुडिओची सुपरहिरो मालिका टीव्हीवर येऊन गेली आहे आणि तिच्यावरून मराठीत २२ पानांचं कॉमिक करायचं काम विचारणाऱ्याकडे आलंय. स्टुडिओने एपिसोडची फाइल, पटकथा आणि पात्रांची मॉडेल शीट्स (पात्राची प्रमाणं आणि रूप ठरवून देणारे नमुना-तक्ते) दिली आहेत. एपिसोड जसाच्या तसा कागदावर उतरवावा का? हे काम आधी कोणी चांगलं केलंय का? आणि टीव्हीवर दाखवून झालेली गोष्ट पुन्हा छापणं म्हणजे शिळ्या कढीला ऊत आणणं नाही का?

मी स्टोरीबोर्ड (ॲनिमेशनचे शॉट आधी चित्रांत मांडणं) आणि कॉमिक ही दोन्ही कामं अनेक वर्षं करत आलोय, त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो आणि मग कारणं. एपिसोड उतरवू नका. तीच पात्रं, तेच जग, पण गोष्ट नवी, अशी परवानगी स्टुडिओकडून मिळवायचा प्रयत्न करा. नाहीच मिळाली, तर एपिसोड मोडून कागदासाठी पुन्हा बांधा. शिळ्या कढीबद्दल म्हणाल, तर या प्रकारात उत्तम कामं झाली आहेत. त्यातलं एक तर इतकं उजवं निघालं की नंतर टीव्हीलाच त्याच्यावरून एपिसोड करावासा वाटला. त्याबद्दल पुढे लिहितो.

पाहण्यासारखं साल म्हणजे १९९२. त्या शरद ऋतूत अमेरिकेच्या फॉक्स वाहिनीवर मुलांसाठी दोन सुपरहिरो मालिका सुरू झाल्या. ५ सप्टेंबरला ‘बॅटमॅन: द ॲनिमेटेड सिरीज’ आणि ३१ ऑक्टोबरला ‘एक्स-मेन’. दोन्हींवरून लगोलग मासिक कॉमिक्स निघाली, एक डीसीकडून, दुसरं मार्व्हलकडून. वाहिनी तीच, वाचक तोच, काळ तोच. पण दोन्ही कंपन्यांनी अगदी उलटे रस्ते धरले, म्हणून तुमच्या प्रश्नाला याहून चांगलं उदाहरण नाही.

मार्व्हलचं ‘एक्स-मेन ॲडव्हेंचर्स’ एपिसोडमागून एपिसोड उतरवत गेलं. लेखन राल्फ मॅकिओ यांचं, पहिल्या पर्वाची बरीचशी चित्रं अँड्र्यू वाइल्डमन यांची. वाइल्डमन यांचा हात चांगला आहे, त्यांच्या चित्रांबद्दल तक्रार नाही. गोची रचनेत आहे. ‘डेज ऑफ फ्युचर पास्ट’चं बघा. ही मुळात कॉमिकमधलीच गोष्ट, क्रिस क्लेअरमाँट आणि जॉन बर्न यांनी १९८१ च्या ‘अनकॅनी एक्स-मेन’च्या अवघ्या दोन अंकांत सांगितलेली. टीव्हीवाल्यांनी ती घेतली, भविष्यातून मागे येणाऱ्या किटी प्राइडच्या जागी बिशपला आणलं, तासिकेत बसेल अशी केली. मग ‘एक्स-मेन ॲडव्हेंचर्स’ने त्या एपिसोडवरून परत कॉमिक काढलं. कॉमिकवरून टीव्ही आणि टीव्हीवरून कॉमिक. मूळ दोन अंकांत चौकटींची जी कसलेली बांधणी होती ती टीव्हीवर जाताना सुटणं साहजिकच होतं, कारण टीव्हीला तिची गरज नव्हती. परतीच्या प्रवासात मात्र ती कोणी परत बसवली नाही. टीव्हीचे संवाद फुग्यांत आले, टीव्हीचे शॉट चौकटींत आले, आणि हाती राहिला तो गोष्टीचा सारांश.

त्या काळात अशा सारांशालाही किंमत होती, हे मान्य करायला हवं. शनिवारी सकाळी लागणारा एपिसोड एखाद्या पोराचा हुकला, तर तो पुन्हा कधी लागेल याचा भरवसा नव्हता. घरी व्हिडिओ रेकॉर्डर असेल आणि कोणी आठवणीने लावला असेल, तरच. अशा पोराला कॉमिक म्हणजे हुकलेला एपिसोड परत मिळण्याची सोय होती. १९९४ साली सुरू झालेलं ‘स्पायडर-मॅन ॲडव्हेंचर्स’ही याच धाटणीचं. तुमच्या वाचकाला ही सोय नकोच आहे. एपिसोड त्याच्या फोनवर आहे, हवा तिथे थांबवून, मागे नेऊन तो बघू शकतो. उतरवलेलं कॉमिक त्याला काय देणार?

आता डीसीचा रस्ता. ‘द बॅटमॅन ॲडव्हेंचर्स’चा पहिला अंक ऑक्टोबर १९९२ चा, किंमत सव्वा डॉलर. लेखक केली पकेट, पेन्सिल (म्हणजे मूळ रेखाटन) टाय टेंपलटन यांची, शाई (त्यावरच्या पक्क्या रेघा) रिक बर्चेट यांची, संपादक स्कॉट पीटरसन. या मंडळींनी एपिसोड उतरवले नाहीत. दर महिन्याला नवी गोष्ट, आणि शक्यतो एका अंकात पुरी होणारी. मालिकेतून त्यांनी उचललं ते तिचं वळण: पात्रांचे आकार, बॅटमॅनच्या गॉथम शहराचा मूड, गोष्टीची चाल. प्रत्येक अंक तीन अंकी नाटकासारखा तीन भागांत, प्रत्येक भागाला वेगळं शीर्षक. टीव्हीवर जाहिरातींसाठी गोष्ट जिथे तुटते, तिथे कागदावर नवा भाग उघडायचा. जाहिरातीची अडचण होती, तिची यांनी लय करून टाकली. आणि गंमत अशी की त्या काळच्या अमेरिकन कॉमिकमध्ये गोष्टीची पानं साधारण २२ असत आणि अर्ध्या तासाच्या एपिसोडची लांबीही जवळपास २२ मिनिटं. मिनिटाला एक पान, असा हिशेब मनात येतोच. त्या हिशेबाच्या नादी लागू नका. का ते पुढे येईल.

ज्या बाजारात हे कॉमिक उतरलं तोही जरा आठवा. १९९२ म्हणजे इमेज कॉमिक्स या नव्या कंपनीच्या स्थापनेचं साल. तिथल्या चित्रांत चेहऱ्यावर शंभर रेघा, दंडांवर दंड, कमरेला पाउचच पाउच. त्याच नोव्हेंबरात सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक आला आणि लोक तो न वाचता पिशवीत बंद करून ठेवायला रांगा लावत होते. पुढच्या वर्षी बॅटमॅनच्या मुख्य कॉमिकमध्ये बेन या खलनायकाने त्याचा कणा मोडला. अशा गदारोळात हे एक कॉमिक, ज्याच्यात बॅटमॅनचा चेहरा दहा-बारा रेघांत संपतो आणि आठ वर्षांच्या मुलालाही आदल्या महिन्याचा अंक न वाचता कळतं. तेव्हा अनेक मोठ्यांनी ते ‘लहान मुलांचं’ म्हणून बाजूला सारलं. आज त्या वर्षीचे कुठले बॅटमॅन अंक हातात घेऊन पुन्हा वाचवतात, असं विचारलंत तर मी हेच पुढे करेन.

सातव्या अंकापासून पेन्सिल माइक पॅरोबेक यांच्याकडे आली, आणि तुम्ही खरा अभ्यास करायचा तो इथे. मालिकेचं दृश्यरूप ब्रूस टिम आणि एरिक रॅडोम्स्की यांनी घडवलं होतं. टिम यांची पात्रं म्हणजे मोठे, सोपे आकार: चौकोनी जबडा, उलट्या त्रिकोणाची छाती, खाली निमुळते पाय. रॅडोम्स्की पार्श्वभूमी पांढऱ्याऐवजी काळ्या कागदावर रंगवून घेत, त्यामुळे प्रत्येक चित्र अंधारातून उजेडाकडे येई. हे सगळं ॲनिमेशनसाठी सोयीचं, कारण कमी रेघांचं पात्र हजारो वेळा काढायला सोपं पडतं. पण छापील पानावर कमी रेघांचं चित्र पटकन रिकामं दिसतं, निर्जीव दिसतं. हलणारं चित्र कमी रेघांतही जिवंत वाटतं, कारण हालचाल डोळ्याला गुंतवून ठेवते. कागदावर हालचाल नाही. मग पॅरोबेक यांनी काय केलं? रेघा वाढवल्या नाहीत. पवित्रा ताणला. त्यांचा पळणारा माणूस नुसता पळत नाही, तोल जाण्याच्या बेतात असतो. ठोसा बसलेला गुंड कमरेतून असा वाकतो की ॲनिमेशनमध्ये ती मुद्रा क्षणभरच टिकली असती. वर बर्चेट यांची शाई: ब्रशची, जाडबारीक होणारी, जिथे वजन पडतं तिथे जाड. मॉडेल शीट समोर ठेवून त्यांचं एखादं पान तपासा. प्रमाणं जुळतात, पण एकही पवित्रा मॉडेल शीटवरचा नाही. पॅरोबेक १९९६ साली मधुमेहाच्या गुंतागुंतीने गेले, अगदी तरुण वयात. त्यांच्या हातून अजून किती झालं असतं, असं ते अंक चाळताना दरवेळी वाटतं.

पकेट यांचं कसब वेगळं. त्यांच्या अंकांत बोलणं कमी. टीव्हीवर केव्हिन कॉनरॉय बॅटमॅन आणि ब्रूस वेन यांना दोन निराळे आवाज देत, मार्क हॅमिल यांच्या जोकरचं हसू ऐकूनच अंगावर काटा येई. हे कागदावर आणता येत नाही. दुसरा एखादा लेखक संवाद वाढवून ही भरपाई करायला गेला असता. पकेट यांनी बॅटमॅनला जवळजवळ गप्प केलं आणि वाचकाच्या कानातला आवाज आपलं काम करेल यावर भरवसा ठेवला. पुढे १९९९ साली याच पकेट यांनी डेमियन स्कॉट यांच्यासोबत कॅसांड्रा केन हे पात्र आणलं. सुरुवातीला ती बोलतच नाही, समोरच्याची देहबोली वाचते. सव्वा डॉलरच्या ‘लहान मुलांच्या’ कॉमिकमध्ये घासलेलं हत्यार असं मुख्य बॅटमॅनमध्ये वापरात आलं. जाता जाता एक गंमत: या मालिकेत मास्टरमाइंड, मिस्टर नाइस आणि परफेसर असे तीन सुमार गुन्हेगार येतात, ते डीसीतल्या माइक कार्लिन, आर्ची गुडविन आणि डेनी ओनील या संपादकांवरून बेतलेले होते. आपल्याच साहेबांना चोर करून छापायची मुभा जिथे असते, तिथे काम चांगलं होतं असा माझा अनुभव आहे.

हार्ली क्विनचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुढे जात नाही. पॉल डिनी आणि ब्रूस टिम यांनी तिला टीव्हीसाठी तयार केलं. ११ सप्टेंबर १९९२ च्या ‘जोकर्स फेवर’मध्ये ती जोकरची हरकामी म्हणून आली. कॉमिकमध्ये तिचं पहिलं पाऊल सप्टेंबर १९९३ च्या ‘द बॅटमॅन ॲडव्हेंचर्स’ क्रमांक १२ मध्ये. खरं तर तो अंक बार्बरा गॉर्डनचा, तिच्या बॅटगर्ल होण्याचा. हार्ली पॉयझन आयव्ही या दुसऱ्या खलनायिकेबरोबर गोंधळ घालायला येते एवढंच. आज संग्राहक त्या अंकासाठी जी किंमत मोजतात ती फक्त हार्लीसाठी. बिचारी बार्बरा.

आणि आता ते काम, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. फेब्रुवारी १९९४ मध्ये ‘द बॅटमॅन ॲडव्हेंचर्स: मॅड लव्ह’ हा जाडजूड विशेष अंक आला. लेखन डिनी यांचं, चित्रं टिम यांची, म्हणजे मालिका घडवणारेच कागदावर आले. टीव्हीवर हार्ली विनोदी जोडीदारीण होती. ती अशी का झाली, हे इथे सांगितलं. हार्लीन क्विन्झेल (हार्लीचं मूळ नाव) अर्कम या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ म्हणून येते, जोकर तिला बालपणीच्या मारकुट्या बापाची कहाणी ऐकवतो, आणि ती त्याच्यात गुंतत जाते. मग जोकरचं मन जिंकायला ती बॅटमॅनला एकटीच पकडते आणि पिरान्हा माशांच्या टाकीवर उलटं टांगते. उलटं का? जोकरची जुनी योजना होती की बॅटमॅनने मरताना हसरे चेहरे बघावेत, पण पिरान्हा माशांची तोंडं कायम वाकडीच. उलट्या माणसाला ती वाकडी तोंडं हसरी दिसतील, हे हार्लीला सुचतं. जोकरला न सुटलेलं कोडं तिने सोडवलं आहे. आणि तेव्हा बॅटमॅन हसतो. मोठ्याने हसतो आणि तिला सांगतो की बापाची कहाणी थाप आहे, जोकर प्रत्येकाला निराळी ऐकवतो.

टीव्हीवर हे हसू एका सेकंदात ऐकू येऊन संपलं असतं. कागदावर तुम्ही त्या चौकटीवर अडकता, कारण बॅटमॅनचा हसरा चेहरा मुळात चुकीचा वाटतो. टिम यांनी त्या चेहऱ्याला एरवी इतकं मोजकं वळण दिलेलं असतं की ओठांची रेघ जराशी हलली तरी सगळं चित्र बदलतं. कमी रेघांची शैली इथे कामी येते: एरवी जी गोष्ट पात्र कधीच करत नाही, ती करायला एकच रेघ पुरते. पुढे जोकर येतो, आणि हार्लीच्या हुशारीने खूश होण्याऐवजी संतापतो, कारण त्याचा विनोद दुसऱ्याने पुरा केला. तिला खिडकीतून खाली ढकलतो. शेवटी ती पट्ट्यांत गुंडाळलेली, पुन्हा कधी नाही म्हणत असते, आणि खोलीत एक गुलाब दिसतं, सोबत चिठ्ठी, लवकर बरी हो, जे. ती विरघळते. वाचकाला हसू येतं आणि लगेच पोटात कालवतं. मुलांच्या वाहिनीवर तेव्हा हे असं सांगता आलं नसतं. कागदावर आलं.

त्या अंकाला १९९४ चा सर्वोत्तम एका अंकाचा आइसनर पुरस्कार, म्हणजे अमेरिकन कॉमिक्समधला मानाचा पुरस्कार, मिळाला. पुढच्या वर्षी त्याच गटात ‘बॅटमॅन ॲडव्हेंचर्स हॉलिडे स्पेशल’ला मिळाला. मग उलटा प्रवास झाला. मालिका ‘द न्यू बॅटमॅन ॲडव्हेंचर्स’ म्हणून नव्या रूपात आली, तेव्हा हॉलिडे अंकावरून १९९७ मध्ये ‘हॉलिडे नाइट्स’ आणि मॅड लव्हवरून १९९९ मध्ये त्याच नावाचा एपिसोड झाला. १९९४ च्या वार्षिक अंकात जन्मलेली रॉक्सी रॉकेटही टीव्हीवर गेली. म्हणजे ज्याला लोक मालिकेच्या जोडीने विकायचा माल समजत होते, त्याच्याकडून मालिकाच गोष्टी उसन्या घेऊ लागली. मॅड लव्हचा एपिसोड आणि अंक शेजारी शेजारी ठेवून पाहा. एपिसोड वाईट नाही. पण जिथे अंकात तुम्ही थांबता, तिथे एपिसोडमध्ये संगीत तुम्हाला पुढे ढकलतं.

कागदावरच जमेल असं काही करणं याचं अजून टोकाचं उदाहरण म्हणजे ‘सुपरमॅन ॲडव्हेंचर्स’चा ४१ वा अंक. १९९६ च्या सुपरमॅन मालिकेवरून निघालेलं हे कॉमिक, सुरुवातीचे बरेच अंक स्कॉट मॅक्लाउड यांनी लिहिलेले, नंतरचे पुष्कळसे मार्क मिलर यांनी. ४१ व्या अंकात मिलर यांनी २२ पानांत २२ गोष्टी सांगितल्या. प्रत्येक पान एक पुरी गोष्ट. एपिसोडमध्ये हे करा पाहू! त्यानंतर जस्टिस लीगची, टीन टायटन्सची, नव्या ‘द बॅटमॅन’ची अशी बरीच कॉमिक्स झाली. वाचनीय आहेत, पण तुमच्या कामाला त्यांच्यातून वेगळं काही मिळणार नाही. २००३ ची ‘बॅटमॅन ॲडव्हेंचर्स’ मात्र वाचा. डॅन स्लॉट, टेंपलटन आणि बर्चेट. पेंग्विन गॉथमचा महापौर होतो ही कल्पना किती लांब नेता येते, हे त्यात दिसतं. जेमतेम १७ अंकांत बंद झाली.

तिसरा एक रस्ता आहे, तुमचा स्टुडिओ कदाचित तोच सुचवेल: मालिकेतल्या मोकळ्या जागा भरायच्या. बॅटमॅनचं १९९७ चं नवं पर्व आलं तेव्हा मधे काही वर्षं गेलेली होती, पहिला रॉबिन डिक ग्रेसन ‘नाइटविंग’ हा स्वतंत्र नायक झालेला होता आणि नवा रॉबिन आलेला होता. हे कसं झालं ते १९९८ मध्ये ‘द लॉस्ट इयर्स’ या पाच अंकांच्या कॉमिकने सांगितलं, लेखन मालिकेच्याच लेखिका हिलरी बेडर यांचं. ‘यंग जस्टिस’ने तर याचं तंत्रच केलं. निर्माते ग्रेग वाइसमन आणि मालिकेचे लेखक केव्हिन हॉप्स स्वतः कॉमिक लिहीत, प्रसंगांवर तारखा-वेळा टाकत, दोन एपिसोडांच्या मधल्या घटना कॉमिकमध्ये येत. चाहत्यांना हे फार आवडतं. मी मात्र सावध करेन. निर्माता स्वतः लिहिणार असेल तरच या वाटेला जा. बाहेरच्या लेखकाने जागा भरली की पुढच्या पर्वात ती कोणी तरी नकळत खोटी ठरवतं, आणि तुमचा अंक ‘मोजायचा नाही’ या कप्प्यात जातो.

आता तुमची २२ पानं. पानाला सरासरी पाच चौकटी धरल्या तर ११० चौकटी होतात. एपिसोडमध्ये शेकडो शॉट असतात. म्हणजे गाळायचं आहे हे ठरलेलंच, प्रश्न काय ठेवायचं एवढाच. मिनिटाला एक पान हा हिशेब इथे कोसळतो, कारण मारामारीची दोन मिनिटं दोन पानांत बसतात, पण दोघांच्या बोलण्याची दोन मिनिटं दोन पानांत कोंबलीत तर नुसते फुगेच दिसतील. माझा नेम असा: आधी पटकथा पूर्ण बाजूला ठेवायची आणि गोष्ट कोणाला तरी तोंडी सांगायची. सांगताना जे विसरतं ते गाळायचं.

एक प्रसंग घेऊ. नायक गच्चीवर, चोर पळतो, दोन इमारतींमधली फट उडी मारून पार करतो, नायक मागोमाग. स्टोरीबोर्डवर याला आठ-नऊ चित्रं लागतात: चोर दिसला, मान वळली, धाव, कठडा, पाय सुटला, हवेत, पलीकडे आदळला, मागे पाहिलं, नायक नाहीच. नवखा चित्रकार हवेतली उडी मोठी काढतो, कारण ती दिसायला जबरदस्त. माझ्या मते ती काढूच नका. पहिली चौकट रुंद: कठड्यावर पाय, खाली रस्ता, चोर अजून उडालेला नाही. दुसरी लहान: पलीकडच्या गच्चीवर त्याचे हात टेकलेले, श्वास फुललेला. तिसरी: तो मागे पाहतो, गच्ची रिकामी. इथे उजवं पान संपवा. वाचक पान उलटतो आणि डाव्या पानाच्या पहिल्याच चौकटीत नायक चोराच्या पुढ्यात उभा. उडी वाचकाने दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत स्वतः पाहिली. टीव्हीला पान उलटण्याचं हे साधन मिळत नाही. म्हणून अंकाची पानं मांडताना कुठलं पान उजवीकडे येतं, हे पहिल्या कच्च्या आराखड्यातच ठरवा.

स्टुडिओ कदाचित म्हणेल, फ्रेमच उचला आणि फुगे लावा, स्वस्तात होईल. अशी पुस्तकं निघाली आहेत, टोकियोपॉपने तर ‘सिने-मांगा’ या नावाने त्यांचा खास प्रकारच चालवला. पण ॲनिमेशनची फ्रेम एकटी उभी राहायला काढलेली नसते. दोन कीपोजच्या (हालचालीतल्या ठरावीक मुख्य मुद्रांच्या) मधली फ्रेम थांबवून बघा: हात लांबलेला, डोळा अर्धा मिटलेला, बोटं विरघळलेली. आणि कीपोज थांबवलीत तर माणूस फोटोसाठी उभा राहिल्यासारखा वाटतो. पुन्हा पॅरोबेक आठवा: आकार मॉडेल शीटचा, पवित्रा तुमचा.

मराठीबद्दल दोन गोष्टी, कारण इथे अमेरिकन नमुना कामाचा नाही. इंग्रजी फुग्यात ओळी एकमेकींना चिकटून बसतात, सगळी मोठी अक्षरं, वर-खाली काही निघत नाही. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही. ओळी जवळ आणल्यात की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. म्हणजे तेवढ्याच शब्दांना मराठीत फुगा उंच लागतो. एका फुग्यात पंधरा-सोळा शब्दांच्या वर जाऊ नका, आणि फुग्याची जागा पेन्सिलच्या वेळीच सोडा. चित्र पुरं झाल्यावर फुगा बसवायला गेलात की तो कोणाच्या तरी कपाळावरच बसतो. इंग्रजीत जोर द्यायला अक्षर तिरकं करतात. देवनागरी तिरकी केली की शिरोरेषेच्या ओळीत खटकते, त्यापेक्षा ठळक करा. आणि आवाजाचे शब्द आपले वापरा. ‘धाडकन’, ‘खळ्ळ’, ‘सटासट’, ‘फाट्’, ‘खाडकन’ एवढं भांडार घरात असताना ‘बूम’ आणि ‘क्रॅश’ देवनागरीत लिहिणं आळशीपणाचं आहे. हे शब्द फॉन्टने टाकू नका, चित्रकाराने हाताने काढावेत, चित्राचाच भाग म्हणून. संगीत गेलं त्याची थोडीफार भरपाई इथे होते.

संवाद लिहिताना पटकथेतली वाक्यं उचलू नका. कलाकाराने आवाजाने जे तोललं होतं, ते कागदावर लंगडं पडतं. वाक्य मोठ्याने वाचा. एका श्वासात संपलं नाही तर दोन फुगे करा, किंवा दुसरा फुगा टाकूनच द्या.

शेवटी करारातली बाब, जिच्याकडे नवीन मुलं बघतच नाहीत. मंजुरी किती टप्प्यांत आणि कोणाकडून, हे लिहून घ्या. गोष्टीचा आराखडा, पेन्सिल आणि रंग असे तीन टप्पे पुरे. एका कामात माझी पेन्सिल मंजूर झाल्यावर कळलं की पुढच्या पर्वात नायकाचा पोशाख बदलतोय आणि कॉमिक तेव्हाच बाजारात येणार आहे. सगळं पुन्हा. पैसे मात्र एकदाच. म्हणून मॉडेल शीट कुठल्या पर्वाची, आणि पोशाख बदलला तर पुन्हा काढण्याचा मोबदला किती, या दोन ओळी करारात हव्यातच. आणि नवी गोष्ट मंजूर करून घ्यायची असेल तर वाद घालत बसू नका. आठ पानांची एक छोटी गोष्ट कच्च्या पेन्सिलमध्ये काढा, शेजारी एपिसोडमधल्या एखाद्या प्रसंगाची उतरवलेली आठ पानं ठेवा, आणि दोन्ही एकाच बैठकीत समोर सरकवा. निवड त्यांना करू द्या.